किती क्वाय

आमच्याकडे घर शेंडेफळाला मिळतं.
धाकट्या मुलीला. घर, चूल, आई,
आणि थडग्यांवरचं गवत काढायचं काम.
परके लोक हे ऐकून म्हणतात,
वा, किती पुढारलेले तुम्ही!
गुरुग्रामच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत,
निदान वीस वेळा ऐकलंय मी हे
आणि वीसही वेळा मान डोलावलीय.
मी मधली. मला काही मिळायचं नव्हतं,
म्हणून सुटले.

असं उघड कधी बोललो नाही आम्ही.
बोलायचं ते वेगळंच:
बानरी हुशार, बानरी शिकली,
बानरीनं चौदाव्या मजल्यावर घर घेतलं.
किर्मेन लग्न करून बायकोच्या घरी गेला,
ख्रिसमसला पाहुण्यासारखा येतो,
बूट दाराशी काढून विचारतो, बसू का?

फिडालिया राहिली.
राहशील का, असं कुणी विचारलं नव्हतं.
भिंतीला कुठं विचारतात.

गेल्या मार्चमध्ये, कुणाला न सांगता,
झाडूच्या गवताच्या मोळ्या भरलेल्या सुमोत
ड्रायव्हरशेजारी बसून ती शिलाँगला गेली
आणि परीक्षा देऊन संध्याकाळी स्वयंपाकाला परत.
नोकरी हैदराबादची.
पगार माझ्यापेक्षा सात हजारांनी जास्त.
(खरं सांगते, आधी मला तो आकडाच दिसला.)

मामा ड्रिक्सन आले. आमच्यात
मामाशिवाय पान हलत नाही.
मामा म्हणाले, काळ बदललाय, जायलाच हवं.
किर्मेन म्हणाला, अर्थात.
मी फोनच्या पडद्यावर, डाळीच्या डब्याला टेकवलेली,
मीही म्हणाले, वेडी आहेस का, जा.
एवढं एकमत आमच्या घरात
याआधी फक्त मयताला झालं होतं.

मग चुलीतलं लाकूड तडकलेलं
मला गुरुग्रामात ऐकू आलं,
कारण पुढचं कुणीच बोलत नव्हतं.

मेई सुपारी कातरत होती.
बाबा देवाघरी क्वाय खायला गेले त्याला नऊ वर्षं झाली,
तरी तिचा हात त्यांचा वाटा काढतोच.
पानाला चुना लावता लावता म्हणाली,
हैदराबाद किती क्वाय?

जुनी माणसं अंतर असंच मोजायची.
एक तोंडात टाकायची, चघळून संपली की दुसरी.
बाजार दोन क्वाय. शाळा एक,
उशीर झाला असेल तर अर्धी.
मामांनी बोटं उघडली, मिटली.
किर्मेन हसला, मग हसायचा थांबला.

तेव्हा फिडालिया पहिल्यांदा बोलली,
डाळीच्या डब्याकडे बघून, म्हणजे माझ्याकडे:
काँग, तुझ्या घराला लिफ्ट आहे ना?
आहेत. दोन आहेत.
मेईला लिफ्टमध्ये गरगरतं.
तक्रार नव्हती. गॅस संपत आलाय
असं सांगतात तसं.

माझा अंगठा आवाज बंद करायच्या खुणेवर गेला.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
आवाज बंद, आणि मी ओठ हलवत राहिले.

जूनमध्ये ती गेली.
मेई सध्या किर्मेनच्या बायकोच्या घरी असते.
लोक वाईट नाहीत. टीव्ही मोठा आहे.
पण चप्पल दाराशी काढून ती रोज विचारते,
बसू का?

बंद घराचे वासे कुजतात आमच्या धुक्यात.
म्हणून शेजारची थेइलिन आठवड्यातून दोनदा
कुलूप काढते, चूल पेटवते,
धूर छपरापर्यंत जाऊ देते,
कुणासाठी काही न शिजवता विझवते.
महिन्याला आठशे रुपये.
माझ्या हिशेबात ते 'इतर' या रकान्यात जातात.

काल फिडालियाचा निरोप आला:
निम्मे मी देईन.
खाली एक नारळाच्या झाडाचा फोटो.
अजून उत्तर दिलेलं नाही.